स्लॅबच्या आधीचं मॉडेल: प्लंबर, एसीवाला आणि वायरमन यांची सांगड कशी घालायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळजवळ तळमजला अधिक दोन असं ४० खाटांचं हॉस्पिटल बांधायला घेतलंय. आर्किटेक्ट पुण्याचे, स्ट्रक्चरल इंजिनीअर कोल्हापूरचे, एमईपी (एसी, वीज, प्लंबिंगचे) सल्लागार मुंबईचे आणि ठेकेदार तुम्ही. मालक डॉक्टरांनी कुठेतरी बीआयएमबद्दल (इमारतीचं सगळ्या यंत्रणांसकट संगणकावरचं मॉडेल) ऐकलं आणि ते विचारताहेत, की इमारतीचं थ्रीडी मॉडेल करून घेतलं तर साइटवरची फोडाफोड थांबेल का आणि खर्च वसूल होईल का. प्लिंथ झाली आहे, पहिला स्लॅब मिरगाच्या आधी टाकायचा आहे.

खर्च वसूल होईल, पण मॉडेल स्लॅबच्या पुढे धावत असेल तरच. स्लॅब पडल्यावर केलेलं मॉडेल म्हणजे डॉक्टरांच्या केबिनमध्ये लावायचं चित्र. मी गेली कित्येक वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात हेच सांगड घालायचं काम करतोय आणि माझं मत पक्कं झालंय: मॉडेलमधून साइटला हवी असलेली वस्तू एकच, प्रत्येक स्लॅबचा सही झालेला स्लीव्हचा नकाशा. स्लीव्ह म्हणजे पाइप जायला काँक्रीट ओतण्याआधीच ठेवलेली नळी. कुठल्या बीममधून, कुठल्या ग्रिडपासून (कॉलमच्या आखणीच्या रेषेपासून) किती अंतरावर, कुठल्या उंचीला, किती व्यासाचं भोक. रंगीत चित्रं, फिरती दृश्यं, क्लॅशचे (दोन वस्तू एकाच जागेत आपटण्याचे) आकडे ही सगळी त्या एका कागदापर्यंत पोचण्याची वाट आहे. तो कागद सेंटरिंगवाल्याच्या (स्लॅबचा साचा लावणाऱ्याच्या) हातात वेळेवर पडला नाही, तर पैसे गेले असंच समजा.

मॉडेल कसं बनतं ते फार लांबवत नाही. आर्किटेक्टचं एक, स्ट्रक्चरचं एक आणि प्लंबिंग, एसी, वीज, फायर, ऑक्सिजन यांची एकेक अशी वेगवेगळी मॉडेलं होतात. ती एकावर एक बसवतात आणि सॉफ्टवेअर सांगतं की अमुक पाइप तमुक बीममध्ये घुसतोय. सगळ्यांनी एकच शून्य धरलेलं असणं मात्र महत्त्वाचं. पुण्याचं मॉडेल प्लॉटच्या कोपऱ्यापासून मोजतं, कोल्हापूरचं ए-१ कॉलमच्या मध्यापासून आणि मुंबईवाल्याने इमारत उत्तरेच्या दिशेला फिरवून ठेवलेली, असं नेहमी होतं. मग तिन्ही मॉडेलं एकत्र उघडली की इमारत एकीकडे आणि पाइप समुद्रात. पहिल्याच दिवशी एक ग्रिड छेद आणि एक लेव्हल शून्य म्हणून ठरवा, ती लेव्हल समुद्रसपाटीपासून किती ते लिहून ठेवा आणि साइटवर पक्का बेंचमार्क (उंचीची कायमची खूण) करा. समुद्रसपाटीचा आग्रह का धरतो ते पुढे येईल.

आता तुमच्या कॉरिडॉरकडे या. हॉस्पिटलमध्ये सगळी मारामारी कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगमध्येच होते, कारण सगळ्यांना तिथूनच जायचं असतं. तुम्ही पाठवलेले आकडे घेऊन हिशेब करू. मजल्याची उंची ३६०० मिलिमीटर. बीम स्लॅब धरून ६००, म्हणजे बीमखाली राहिले ३०००. फ्लोअरिंगचे ७५ वजा केले, २९२५. सीलिंग २४०० वर, म्हणजे बीम आणि सीलिंग यांच्यात ५२५. त्यातून सीलिंगची फ्रेम आणि दिव्याचा खोका यांना १२५ दिले की उरले ४००. एसीचा डक्ट ३०० चा, वर-खाली २५-२५ चं इन्सुलेशन, म्हणजे ३५०. शिल्लक ५० मिलिमीटर. आणि याच जागेतून पहिल्या मजल्यावरच्या संडासाची ११० ची लाइन ६ मीटर आडवी जाणार असं प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये दिसतंय. साठास एक उतार धरला तरी ६ मीटरमध्ये १०० मिलिमीटर खाली उतरते. पाइप ११० आणि उतार १००, म्हणजे २१० हवेत आणि हाताशी आहेत ५०.

गंमत अशी की तिन्ही ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर आहेत. कुणाचीच चूक नाही, म्हणूनच साइटवर कुणी मागे हटत नाही. जो आधी येतो तो जागा घेतो, नंतरचा छिन्नी-हातोडा आणतो.

मॉडेलमध्ये ही अडचण मार्चमध्ये दिसली तर तीन वाटा मोकळ्या असतात. पहिली, डक्ट रुंद आणि चपटा करायचा. यात आवाज आणि पंख्यावरचा ताण वाढतो, म्हणून एसीवाला कुरकुरेल. दुसरी वाट मला आवडते, पण ती फार लोक विचारत नाहीत: कॉरिडॉरचा गाळा फक्त २.४ मीटरचा आहे, तिथे ६०० चा बीम स्वतःच्या गरजेपोटी आलेला नसतो. शेजारच्या खोल्यांच्या मोठ्या गाळ्याचा बीम तसाच सरळ पुढे ओढलेला असतो. तो कॉरिडॉरपुरता ४०० चा केला, की एका फटक्यात २०० मिलिमीटर मिळाले. पण हे कोल्हापूरच्या इंजिनीअरलाच ठरवू द्या. बीमची खोली बदलते तिथे सळीची बांधणी बदलते आणि भूकंपाच्या दृष्टीने सांध्याचं डिटेल नव्याने बघावं लागतं. सळी बांधून झाल्यावर फोन करून विचारण्याची ही गोष्ट नाही.

तिसरी वाट सगळ्यांत शहाणपणाची: संडासाची लाइन कॉरिडॉरमध्ये येऊच द्यायची नाही. संडासाच्या पाठीलाच बाहेरच्या भिंतीवर शाफ्ट (पाइपांसाठी उभी मोकळी जागा) घ्यायचा आणि लाइन दोन मीटरच्या आत खाली सोडायची. हॉस्पिटलमध्ये तर मी यावर अडूनच बसतो. ऑपरेशन थिएटर, आयसीयू किंवा लेबर रूमच्या सीलिंगवरून मैलापाण्याची लाइन गेलेली मला चालत नाही, मग क्लॅश असो की नसो. सॉफ्टवेअर ते पकडणार नाही, कारण पाइप कशालाच आपटत नाहीये. ते माणसाने बघायचं.

यावरून कुणी कुणाला वाट द्यायची याचा क्रम ठरतो. तो पहिल्या बैठकीतच लिहून घ्या, कारण भांडण लागल्यावर ठरवलेला नियम कुणी मानत नाही. उताराने वाहणारी लाइन सर्वांत आधी. पाणी चढ चढत नाही, त्यामुळे तिला तडजोड नाही. यात संडास-बाथरूमसोबत एसीच्या ड्रेनचा बारीक पाइपही येतो. तो २५-३२ चा असतो म्हणून सगळे शेवटी ढकलतात आणि मग पहिल्याच मे महिन्यात सीलिंगला पिवळे डाग पडतात. कोकणच्या दमट हवेत एसी किती पाणी गाळतो हे मुंबईच्या सल्लागारालाही सांगावं लागत नाही, पण शंभरास एक उतार द्यायला जागा ठेवली का, हे विचारावं लागतं. त्यानंतर मोठे डक्ट. मग केबल ट्रे, फायरचा मुख्य पाइप, ऑक्सिजन आणि व्हॅक्यूमच्या तांब्याच्या लाइन. दाबाने जाणारं पाणी आणि कन्ड्युट (वायरच्या नळ्या) सगळ्यांत शेवटी, कारण ती वळवता येतात. केबल ट्रे पाण्याच्या पाइपच्या वर, कधीही खाली नाही.

आणखी एक, जागा फक्त वस्तूची नसते, हाताचीही असते. एसीच्या युनिटचा फिल्टर खाली ओढायला जागा हवी, व्हॉल्व्हपर्यंत हात जायला हवा, विजेच्या पॅनलसमोर एक मीटर मोकळा हवा. एमईपीवाल्याला सांगा, की या मोकळ्या जागाही मॉडेलमध्ये ठोकळे म्हणून दाखव, अर्धपारदर्शक लाल रंगात. त्या ठोकळ्यात दुसरं काही आलं, की तोही क्लॅशच धरायचा. ऑक्सिजनचा बंद करायचा व्हॉल्व्ह सीलिंगच्या आत अडकलेला मी पाहिलाय. रात्री तिथे शिडी लावून कोण चढणार?

स्लीव्हकडे वळू. सहाशेच्या बीममधून ११० चा पाइप न्यायचा तर साधारण १५० ते १६० ची स्लीव्ह लागते. भोक बीमच्या उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात, उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नाही आणि कॉलमच्या तोंडाशी तर नाहीच. हा सर्वसाधारण अंदाज झाला, शेवटचा शब्द स्ट्रक्चरल इंजिनीअरचा. भोकाभोवती जादा रिंगा लागतील त्याही तोच सांगेल. सही झाली, की नकाशा साइटवर. त्यानंतर कुणालाही नवं भोक हवं असेल तर ते पुढच्या स्लॅबला.

किनाऱ्यावर याचं महत्त्व पुण्यापेक्षा जास्त का? स्लीव्ह ठेवायची विसरली तर नंतर तयार काँक्रीटला भोक पाडणारं कोअर कटिंगचं मशीन येतं. ते मशीन काँक्रीटबरोबर सळीही कापतं आणि कापलेलं टोक उघडं पडतं. कोरड्या गावात ती सळी वर्षानुवर्षं तशीच राहील. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने ओल. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनारी वातावरणाला आणि जोराच्या पावसात सापडणाऱ्या काँक्रीटला ‘सिव्हिअर’ म्हटलंय, त्याला किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. समुद्राचे तुषार थेट बसत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. इतकं जपून ठेवलेलं कव्हर एका दुपारी मशीनने उडवायचं, याला काय अर्थ आहे? कुडाळ किनाऱ्यापासून आत आहे हे खरं, पण बाहेरच्या बाजूचे बीम, गच्ची, जिन्याचं टोपण यांना पाऊस काही सोडत नाही.

मॉडेलमध्ये न दिसणारी गोष्टही इथेच सांगून टाकतो. बहुतेक मॉडेलांत सळी काढलेली नसते. बीम म्हणजे नुसता ठोकळा. त्यामुळे स्लीव्ह ठोकळ्यात छान बसते आणि साइटवर मुख्य सळ्यांच्या जुडग्यात अडकते. २३० रुंदीच्या बीममध्ये दोन्ही बाजूंचं ४५ कव्हर गेलं की मध्ये १४० मिलिमीटर उरतात, त्यातच रिंगा आणि मुख्य सळ्या. स्लॅबमधल्या कन्ड्युटचंही तसंच: १२५ च्या स्लॅबमध्ये २५ चे दोन कन्ड्युट एकमेकांवरून गेले की ५० तिथेच खर्च झाले. आणि डीबीच्या (विजेच्या वाटप पेटीच्या) जागी दहा-बारा कन्ड्युट एकत्र आले, की तिथे काँक्रीटला शिरायला वाट राहत नाही. सगळ्या इमारतीची सळी मॉडेल करायला सांगू नका, पैसे वाया जातील. जिथे स्लीव्ह आहे ते बीम आणि डीबीजवळचा स्लॅबचा तुकडा, एवढंच सळीसकट काढायला सांगा.

हाच नियम सगळ्या मॉडेलला लावा. चाळीस खोल्यांतला प्रत्येक प्लग पॉइंट मॉडेल करण्यात काही हशील नाही. कॉरिडॉर, शाफ्ट, ऑपरेशन थिएटरचा गाळा, इलेक्ट्रिकल रूम, पंप रूम, गच्ची आणि एक नमुना खोली. एवढं बारकाईने, बाकी ढोबळ. सल्लागार सगळ्या इमारतीसाठी एकच बारकाईची पातळी लिहून देतात, ती त्यांच्या सोयीची असते.

तुम्ही दर्शनी भिंत उघड्या जांभ्या चिऱ्याची ठेवणार आहात असं लिहिलंय. तिथे वेगळीच सांगड लागते आणि ती कुठल्याही परगावच्या सल्लागाराच्या डोक्यात नसते. प्लास्टरच्या भिंतीत वायरमन नंतर झिरी मारून कन्ड्युट दाबतो आणि गिलावा झाकून घेतो. उघड्या चिऱ्यात मारलेली झिरी जन्मभर दिसते. म्हणजे स्विचबोर्ड, बाहेरचे दिवे, कॅमेरा, एसीच्या तांब्याच्या नळीची भोकं ही सगळी गवंड्याने थर लावायच्या आधी ठरलेली हवीत. आणि उंचीही थरावर बसली पाहिजे. तुमच्या खाणीचा चिरा सात इंचाचा असेल आणि अर्ध्या इंचाची दरज (दोन थरांमधला सांधा) धरली, तर एक थर साडेसात इंचांचा. सहा थर म्हणजे ४५ इंच, सात थर म्हणजे साडेबावन्न. ड्रॉइंगवरचा ४ फूट उंचीचा स्विचबोर्ड थराच्या मधोमध येतो आणि गवंडी चिरा कोरत बसतो. म्हणून मॉडेलमध्ये ही भिंत सपाट न दाखवता थरांच्या रेषांसकट काढा आणि बोर्डाच्या उंचीचे आकडे थरांच्या आकड्यात लिहा. गवंड्याला ‘११४३ मिलिमीटर’ सांगण्यापेक्षा ‘सहाव्या थरावर’ सांगितलेलं कळतं. आमच्याकडच्या जुन्या गवंड्यांनी मॉडेलमधला सगळ्यांत उपयोगी भाग म्हणून मला हाच दाखवलाय.

आता बाहेर पडू, कारण कोकणात निम्मी मारामारी इमारतीच्या बाहेर असते. प्लॉट उताराचा, खाली जांभ्याचा कातळ. मैलापाण्याची लाइन, पावसाच्या पाण्याचं गटार, फायरचं पाणी, विजेची केबल आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) ही सगळी वेगवेगळ्या ठेकेदारांनी वेगवेगळ्या महिन्यात खणायची. मऊ मातीत चर चुकला तर बुजवून दुसरा मारता येतो. कातळात तो ब्रेकरने फोडलेला असतो आणि मीटरवर पैसे दिलेले असतात. म्हणून बाहेरच्या सगळ्या लाइनी तळाच्या लेव्हलसकट मॉडेलमध्ये घ्या. सॅनिटरी चेंबरपासून एसटीपीपर्यंत उतार मिळतो का, वाटेत पावसाचं गटार आडवं येतं का, आणि आलं तर कोण वरून आणि कोण खालून, हे कातळ फोडण्याआधी कळलं पाहिजे. सर्व्हेअरने काढलेले कंटूर (जमिनीच्या सारख्या उंचीच्या रेषा) मॉडेलमध्ये असतील तरच हे शक्य आहे. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये जमीन बहुधा हिरव्या रंगाची सपाट फळी असते, ती काढायला लावा.

समुद्रसपाटीचा आग्रह इथेच कामाला येतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं, त्यानंतर जनरेटर आणि मुख्य पॅनल किती उंचीवर ठेवायचे हा प्रश्न कोकणात कुणी हसण्यावारी नेत नाही. गावातल्या जुन्या माणसांना विचारून आजवरच्या सर्वांत मोठ्या पाण्याची खूण सर्व्हेअरकडून मोजून घ्या आणि मॉडेलमध्ये त्या लेव्हलवर निळा पारदर्शक पत्रा टाका. पॅनल, ऑक्सिजन प्लँट, पंप यांपैकी काय निळ्याखाली जातंय ते मालकाला एका नजरेत कळतं. डॉक्टरांना समजावायला याहून सोपं साधन मला सापडलेलं नाही.

गच्चीवर आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे स्लॅब कितीही चांगला टाका, दोन-तीन वर्षांत त्यावर पत्र्याची शेड चढतेच. पण ती आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये नसते. एसीची आउटडोअर युनिटं गच्चीवर बसतात, मग शेड येते, गरम हवा पत्र्याखाली कोंडते आणि ऐन उन्हाळ्यात एसी हात टेकतो. हा क्लॅश सॉफ्टवेअरला सापडणार नाही. नसलेल्या वस्तूला काय आपटणार? शेड पुढेमागे होणार असेल तर आत्ताच मॉडेलमध्ये घ्या, युनिटांची जागा शेडबाहेर काढा आणि शेडच्या खांबांचे पेडेस्टल (काँक्रीटच्या बैठका) गच्चीच्या स्लॅबबरोबरच ओता. नंतर वॉटरप्रूफिंग फोडून बोल्ट मारायचे आणि गळतीचा दोष एकमेकांवर ढकलायचा, हा आपल्याकडचा वार्षिक कार्यक्रम आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन आणि दापोलीकडच्या पत्र्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल, तेव्हा खांब कशात रोवलेत याला महत्त्व आहे.

पावसाच्या पाण्याच्या पाइपचाही हिशेब तिथेच करून टाका. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर ४०० चौरस मीटरच्या गच्चीवरून तासाला ४० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला ११ लिटर उतरतं. एवढ्या पाण्याला तीन-चार उभे पाइप लागतात आणि ते बीम टाळून, दर्शनी चिऱ्यावर न येता खाली आणायचे असतात. सगळ्यांत शेवटी आठवणारी हीच वस्तू असते.

वेळापत्रक उलटं मोजा. स्लॅब मेच्या अखेरीस धरला, तर सळी बांधायला आठवडा, त्याआधी सेंटरिंगला दहा-बारा दिवस. स्लीव्हचा नकाशा सेंटरिंगचा पहिला पत्रा लागण्याआधी सही होऊन हवा, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी क्लॅश सोडवायला तीन आठवडे आणि मॉडेल उभं करायला तीन-चार आठवडे. तुमच्याकडे एवढा वेळ नसेल तर पहिल्या स्लॅबपुरता पूर्ण मॉडेलचा हट्ट सोडा. कॉरिडॉर, शाफ्ट आणि संडासाचे गाळे एवढंच मॉडेल करा आणि त्याच्या स्लीव्ह सोडवून घ्या. वरच्या मजल्यांच्या मॉडेलचं काम जून ते सप्टेंबरमध्ये होऊ द्या. पावसाळ्यात बाहेर चर खणता येत नाही, घाट बंद पडला की माल येत नाही, गणपतीला सगळे गावी जातात. मॉडेल करायला आणि नमुना खोली पूर्ण करून बघायला याच्यासारखा काळ नाही. पुण्या-मुंबईच्या सल्लागारांना ही दिनदर्शिका ठाऊक नसते. ते ऑगस्टमध्ये चर खणायचे आणि शिमग्यात प्लास्टर करायचं असं निवांत लिहून पाठवतात.

बैठक आठवड्याला एक, ठरलेल्या वारी, तासाभराची, मोठ्या स्क्रीनवर. तीन गावचे तीन सल्लागार व्हिडिओवर असले तरी चालतील. साइटवरून मात्र प्लंबरचा मुकादम, एसीवाल्याचा फोरमन आणि वायरमन समोर बसलेच पाहिजेत. इंजिनीअर आपापसात ठरवतात आणि फिटरला ते लाइन सुरू करताना कळतं, तिथेच अर्धा फायदा गळतो. कोकणात हल्ली प्लंबिंगची माणसं बरीच ओडिशाची, एसीवाले कुठले कुठले. भाषा हिंदी, वाचन बेताचं. पण मॉडेलमधला तिरका कट दाखवला की त्यांना प्लॅनपेक्षा दहापट लवकर कळतो आणि हरकत ते स्वतःच काढतात: ‘साहेब, इथे एल्बो घट्ट करायला पाना फिरणार नाही.’ ही हरकत कुठल्याही सॉफ्टवेअरने काढलेली मी पाहिलेली नाही.

क्लॅशच्या आकड्यांना भिऊ नका आणि भुलूही नका. पहिल्यांदा मॉडेलं एकत्र केली की यादीत शेकडो, कधी हजारो नोंदी येतात. त्यातल्या बऱ्याच फालतू: पाइप भिंतीतून जातोय, जो जायलाच हवा, एकच डक्ट एकाच बीमला पाच तुकड्यांत आपटतोय, ज्याची नोंद पाच वेळा. आधी जागेनुसार गट पाडा, एका जागेचे सगळे मिळून एक प्रश्न करा, २५ मिलिमीटरच्या आतले बाजूला ठेवा. पण उताराच्या लाइनला ही सवलत देऊ नका. मग प्रत्येक प्रश्नावर एक नाव आणि एक तारीख. ‘सर्व संबंधितांनी पाहावे’ असं लिहिलेला प्रश्न कुणीच पाहत नाही. ‘यादी ९०० वरून ४०० वर आणली’ असं सल्लागार सांगेल, तेव्हा विचारा, की या स्लॅबच्या स्लीव्हला अडवणारे किती उरले. तेवढाच आकडा तुमचा.

साइटवर टॅब दिला तरी नेटवर्कची आणि पावसाची खात्री नाही. ए-३ वर रंगीत छापून, लॅमिनेट करून, त्या गाळ्याच्या कॉलमवर टांगा. रंग सगळीकडे तेच: मैलापाणी तपकिरी, पिण्याचं पाणी निळं, फायर लाल, ऑक्सिजन पांढरा, वीज नारिंगी. आणि काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी नकाशा हातात घेऊन प्रत्येक स्लीव्ह टेपने मोजा, टेपसकट फोटो काढा, तोंडं बंद केलीत का बघा. स्लॅब उतरल्यावर कॉलम आणि बीम खरे कुठे आलेत ते मोजून मॉडेलमध्ये भरा. दोन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो, आणि मॉडेलवरून कापून आणलेला डक्ट त्या दोन सेंटीमीटरलाच अडतो. कोल्हापूरहून घाट उतरून आलेला डक्ट परत पाठवणं कुणालाच परवडत नाही.

करारात दोन ओळी घालून घ्या. सही झालेल्या स्लीव्हच्या नकाशाशिवाय स्लॅब ओतायचा नाही. आणि नंतर कोअर कटिंग लागलं तर ज्याने वेळेत भोक मागितलं नाही, त्याच्या बिलातून. दुसरी ओळ लिहिली, की बैठकीला हजेरी आपोआप वाढते. फक्त मालकाने मागाहून बदल केला तर तो खर्च मालकाचा, हेही त्यातच लिहा. डॉक्टर मंडळी एक्स-रे मशीनची जागा बदलायला फार उशिरा येतात. एक्स-रे, सीटी, ऑटोक्लेव्ह यांची निवड निदान वजन, विजेचा भार आणि दरवाजाची रुंदी इथपर्यंत आधी ठरवून घ्या, नाहीतर त्या खोलीचं मॉडेल करण्यात अर्थ नाही.

सॉफ्टवेअर कुठलं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही काही विकत घेऊ नका. सल्लागार बहुधा रेव्हिटमध्ये काढतील आणि नेव्हिसवर्क्समध्ये जुळवतील, तो त्यांचा खर्च. तुम्ही करारात एवढंच मागा, की प्रत्येक टप्प्याला मूळ फाइलबरोबर आयएफसी फाइलही मिळाली पाहिजे. ते आयएसओ १६७३९ हे खुलं स्वरूप आहे, कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेलं नाही आणि ते उघडणारे फुकट व्ह्यूअर आहेत. प्रश्नांची देवाणघेवाण बीसीएफ फाइलने करा, म्हणजे प्रत्येक प्रश्नाबरोबर नेमकं दृश्य जातं आणि ‘कुठल्या पाइपबद्दल बोलताय?’ हा फोन वाचतो. तुमच्याकडे मॉडेल फिरवून बघू शकणारा आणि टेप लावू शकणारा एक पोरगा हवा. मालवणच्या पॉलिटेक्निकमधला डिप्लोमावाला घ्या, महिन्याभरात शिकतो. तो सल्लागाराचा नको, तुमच्या पगारावरचा हवा. आणि त्याला पहिलं काम हे द्या, की तुमच्या पहिल्या स्लॅबच्या प्लंबिंग ड्रॉइंगमधली प्रत्येक आडवी ११० ची लाइन शोधून तिची लांबी आणि उतार लिहून काढायचा. मॉडेलची वाट न बघता ते आजही होईल, आणि ती यादी घेऊन पुढच्या सोमवारी तिघांनाही फोनवर घ्या.